चार गुणिले चार

हातखंब्याच्या तिठ्यावर उभे राहिले की तीन रस्ते तीन दिशांना जाताना दिसतात: एक मुंबईचा, एक गोव्याचा, एक रत्नागिरीचा. गावाचे नाव उच्चारताना मला नेहमी दिशादर्शक हात असलेला एक खांब दिसतो. हे केवळ माझ्या मनचे. व्युत्पत्ती म्हणून कोणी वर्गात सांगू नये. परंतु लिहिलेल्या अक्षरावर आपण किती विसंबतो, हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यात या तिठ्यापासून जवळच असलेल्या आमच्या वाडीत नव्याने पडला.

आत्या अंगणातल्या शेवाळावरून घसरली होती. वय ब्याऐंशी. मांडीचे हाड मोडले असावे, हे पायाच्या ठेवणीवरूनच कळत होते. डांबरी रस्ता सोडल्यावर वाडीपर्यंत जांभ्या कातळातून काढलेली गाडीवाट आहे आणि तिला मध्येच एक पऱ्या आडवा जातो. रुग्णवाहिकेचा चालक डांबरावरच थांबला. वाडीतल्या मुलांनी खुर्चीला बांबू बांधून डोलीची तयारी केली. तेवढ्यात धाकटा भाऊ पुण्याहून त्याची नवी गाडी घेऊन पोहोचला. गाडीच्या पाठीवर ‘४×४’ ही ठसठशीत अक्षरे आणि कुशीवर डोंगरांच्या रेघांचे चित्र. ‘‘ही जाईल,’’ तो म्हणाला. मी मुलांना डोली खाली ठेवायला सांगितली. ती सूचना माझी होती, भावाची नव्हे, हे येथे नोंदवून ठेवतो.

पऱ्या गाडीने ओलांडला. पलीकडच्या चढाला वाटेवर दोन खोल चर होते, एक उजवीकडे आणि थोडे पुढे एक डावीकडे. गाडी तेथे तिरकी होऊन थांबली. पुढचे एक चाक आणि त्याच्या कर्णातले मागचे एक चाक अधांतरी गरगर फिरत होते. उरलेली दोन जमिनीवर होती, पण निश्चल.

यामागचे यंत्रशास्त्र मी नंतर समजून घेतले. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी डिफरन्शियल नावाची योजना आसावर असते. तिचा स्वभाव असा की ज्या चाकाला विरोध कमी, ते फिरत राहते. हवेतल्या चाकाला विरोध कसला? अशा वेळी डिफरन्शियलला कुलूप घालण्याची किंवा फिरत्या चाकाला आपोआप ब्रेक लावण्याची सोय असावी लागते. ती भावाच्या गाडीत नव्हती, आणि पाठीवरच्या अक्षरांनी ती असल्याचा दावाही केला नव्हता. पहिला चार म्हणजे एकूण चाके, दुसरा चार म्हणजे इंजिनाचा जोर मिळू शकणारी चाके. बस्स. (चिन्ह गुणाकाराचे, वाचन मात्र ‘फोर बाय फोर’; उत्तर सोळाही नाही आणि एकही नाही.)

दरवर्षी मी द्वितीय वर्षाला शब्दशक्ती शिकवतो. अभिधा सांगून झाली की लक्षणेसाठी गंगेवरच्या गवळीवाड्याचे जुने उदाहरण येते: प्रवाहावर वाडा असू शकत नाही, मुख्यार्थ अडतो, म्हणून ‘तीरावर’ असा अर्थ घ्यायचा. येथे मुख्यार्थ कुठेच अडत नव्हता. ‘ही कुठेही जाते’ हा अर्थ आम्हीच वर चढवला. तो व्यंजनेचा व्यापार होता, आणि व्यंजनेसाठी कोणाला न्यायालयात खेचता येत नाही.

व्याख्या करणाऱ्यांनी ती केलेलीही आहे. युरोपीय नियमांत ऑफ-रोड वाहनांचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यात लहान मोटारींसाठी पुढचा व मागचा आस एकाच वेळी चालवता येणे, किमान एक डिफरन्शियल-कुलूप किंवा तत्सम योजना असणे, पंचवीस टक्के चढ चढता येणे अशा अटी आहेत. शिवाय पोटाखालची उंची आणि पुढचे-मागचे कोन. आपल्याकडे जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये एसयूव्हीविषयी जो खुलासा केला, त्यात पंधराशे सीसींपेक्षा मोठे इंजिन, चार मीटरांहून अधिक लांबी, किमान १७० मिलिमीटर पोटाखालची उंची आणि गाडी लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाणे, हे निकष होते. किती चाकांना जोर मिळतो, याचा उल्लेख नाही! लोकरूढी कराच्या व्याख्येत शिरलेली पाहून भाषेच्या अध्यापकाला सुखावायला हरकत नसावी.

जानेवारी २०२३ मध्ये महिंद्रने ‘थार’ केवळ मागच्या दोन चाकांना जोर देणाऱ्या रूपातही बाजारात आणली. रूप जवळजवळ तेच. जीपच्या ‘ट्रेल रेटेड’ या बिल्ल्यामागे पकड, पाण्यातून जाणे, वळणक्षमता, चाकांची वरखाली होण्याची मुभा आणि पोटाखालची उंची अशा पाच कसोट्या आहेत. पण त्या कंपनीने स्वतःच ठरवलेल्या. २०२० च्या ‘थार’साठी पाण्याची खोली ६५० मिलिमीटर सांगितली गेली. हा आकडा खोटा नाही. फक्त आमच्या पऱ्याचे लाल, धावते पाणी आपली खोली सांगत नाही आणि रात्रीतून तळाचे धोंडे हलवते.

तिठ्यावरून पूर्वी वडापची जीप चालवणारा एक माणूस वाडीत आहे. त्याची जीप मागच्या दोन चाकांवरच चालायची आणि याच वाटेने पंधरा-पंधरा माणसे घेऊन जायची. तो वाकून पाहत म्हणाला, ‘‘सर, चाकं चार हायत, पन टेकलीत दोनच.’’ मग त्याने गडग्याचे चिरे काढून चरात रचायला सुरुवात केली. तोवर दीड तास गेला होता. आत्या आतून विचारत होती, गाडी आली ना, मग नेत का नाही?

शेवटी मुलांनी पुन्हा डोली उचलली. पऱ्यात उतरताना त्यांच्यापैकी एक जण काठीने तळ चाचपत पुढे चालत होता. गाडी संध्याकाळी निघाली.

आत्याची शस्त्रक्रिया रत्नागिरीत झाली. गणपतीला भाऊ आला तेव्हा त्याने गाडी डांबरावर लावली आणि पिशव्या घेऊन चालत वर आला. वाटेत त्या वडापवाल्याला त्याने हाक मारली, आणि दोघे बराच वेळ चराजवळ उकिडवे बसून काहीतरी मोजत होते.