जरा मागे घे

ऑस्ट्रेलियात प्राणी आधी पाटीवर दिसतो, मग रस्त्यावर. कोनावर उभ्या केलेल्या पिवळ्याधमक चौकोनात काळी आकृती असते: उडी घेणारा कांगारू, मान खाली घालून निघालेला वॉम्बॅट, कोआला. खाली लिहिलेलं असतं, पुढचे इतके किलोमीटर. नवखा माणूस सुरुवातीला त्या पाट्यांचेच फोटो काढत सुटतो. मग रस्त्याच्या कडेला फुगून पडलेले कांगारू दिसायला लागतात आणि पाटी कशासाठी आहे ते कळतं. भाड्याच्या कॅम्परव्हॅनच्या करारातही बजावलेलं होतं, की अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवायची नाही. कांगारू चरायला बाहेर पडतात ते तिन्हीसांजेला आणि उजाडताना, आणि दिव्याच्या झोतात बिचकले की कुठे उडी घेतील याचा नेम नसतो. त्यामुळे आमच्या प्रवासाचं वेळापत्रक खरं तर कांगारूंनीच आखलं होतं. उन्हं कलली की मुक्काम गाठायचा आणि दिवेलागणीच्या आत कुकर लावायचा.

आमची लेक मेलबर्नला असते. तिच्या दारातून ऑक्टोबरात निघालो, व्हिक्टोरियाचा किनारा धरून आधी पूर्वेला आणि मग फेरीबोटीत गाडी घालून पश्चिमेला. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे नवऱ्याचा आत्मविश्वास दांडगा. कामाची वाटणी सरळ होती: चालवायचं त्याने, बघायचं मी. नातीने निघताना एक वही दिली होती, दिसेल तो प्राणी त्यात लिहायचा म्हणून. नवऱ्याने लगेच नियम घातले. पिंजऱ्यातला धरायचा नाही, मेलेला धरायचा नाही, आणि दोघांनी पाहिला असेल तरच धरायचा.

हा तिसरा नियम भलताच महागात पडला. मला प्राणी दिसे, मी ओरडे, तोवर गाडी शंभर फूट पुढे. "थांब, थांब! जरा मागे घे." तेवढी मोठी गाडी त्या वळणांच्या रस्त्यावर मागे घेणं शक्य नसे, मग पुढे जागा बघून वळवून आणायची. आणि आणल्यावर पुढचा अंक.

"ते बघ."

"कुठे?"

"अरे, त्या झाडावर."

"इथे सगळी झाडंच आहेत."

निलगिरीच्या रानात खूण सांगायची कशी? शेवटी पुण्यात पत्ता सांगतात तशी आमची भाषा ठरली: वाळलेल्या खोडाच्या अलीकडचं, साल सोललेलं, त्याची दुसरी बेचकी, तिथून वर. तीस वर्षांच्या संसारात एकमेकांना इतक्या निगुतीने काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

फिलिप आयलंडच्या पेंग्विनांना मात्र खुणा लागत नाहीत. ते रोज सूर्य मावळला की समुद्रातून येतात, सगळ्यांसमक्ष. लिटल पेंग्विन ही पेंग्विनांमधली सगळ्यात लहान जात, उंची जेमतेम वीतभराहून थोडी जास्त, वजन किलोभर. पाठ निळीसावळी. लाटेने किनाऱ्यावर टाकले की थोडा वेळ घोटाळतात, एखादा सीगल हलला की पुन्हा पाण्यात पळतात, आणि मग पाच-सात जमले की एकदम वाळू ओलांडून धावत सुटतात. तिकीट काढून पायऱ्यांवर बसलेली शेकडो माणसं, आणि एकाच्याही हातात मोबाइल नाही, कारण तिथे फोटो काढायला बंदी आहे. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दोरीमागे उभं राहिलेल्यांना ही शिस्त ठाऊक असेल. नंतर अंधारात बिळाबिळांतून पेंग्विनांचं ओरडणं सुरू होतं. एवढ्याशा जिवातून गाढवाने ओरडावं तसा आवाज. परत निघताना वाहनतळावर सूचना असते: गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, पेंग्विन बसलेला असेल. नवरा गुडघे धरून वाकला. नव्हता.

मला पेंग्विनांपेक्षा तिथली एक हकीकत जास्त लागली. हे पेंग्विन येतात त्या समरलँड द्वीपकल्पावर पूर्वी एक वसाहत होती. घरं, रस्ते, सुट्टीत येणारी कुटुंबं, त्यांच्या गाड्या, कुत्री, मांजरं. पेंग्विन संपत चालले. तेव्हा 1985 मध्ये व्हिक्टोरिया सरकारने ठरवलं, की इथली एकूण एक मालमत्ता विकत घ्यायची आणि जमीन पेंग्विनांना परत द्यायची. पंचवीस वर्षं हे चाललं. 2010 पर्यंत सगळी घरं गेली. आता तिथे गवत आहे, बिळं आहेत. समुद्र दिसणारी जागा! आपल्याकडे समुद्र दिसणाऱ्या जागेसाठी काय काय होतं ते सांगायला नको.

विल्सन्स प्रॉमन्टरी हे तिथून पूर्वेचं मोठं राष्ट्रीय उद्यान. टायडल रिव्हरच्या तळावर गाडी लावली, खुर्च्या बाहेर टाकल्या, चहा ओतला आणि मागून गवत उपटल्याचा आवाज आला. वॉम्बॅट. तीस किलोचं ते धूड आमच्याकडे ढुंकूनही न बघता चरत होतं. दातांखाली गवताचा कर्र-कर्र आवाज, मध्येच एक मोठा श्वास, पुन्हा कर्र-कर्र. अंगावरचे केस राठ, मातीने भरलेले, कानांच्या आतला भाग गुलाबी. वॉम्बॅटच्या मादीची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे बीळ खणताना उडालेली माती पिल्लाच्या तोंडात जात नाही. निसर्गात इतका विचार कुणी केला म्हणावं तर पुढचं बघा: त्याची लेंडी चौकोनी असते. सकाळी शेजारच्या दगडावर फाशांसारखे तुकडे रचून ठेवलेले दिसले. आतड्याची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून असा आकार येतो, हे ज्यांनी शोधलं त्यांना 2019 मध्ये गमतीशीर संशोधनासाठीचं इग नोबेल मिळालं. नवऱ्याने तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी टाकू नको म्हटलं होतं.

कॅरॅव्हॅन पार्कच्या धुलाईघरात एक बाई भेटल्या, सत्तरीच्या असतील. यंत्राशेजारच्या हुकाला त्यांनी एक उशीची खोळ टांगली होती आणि तिच्यातून दोन लांब पाय बाहेर आले होते. खोळ हलली, पाय आत गेले, कान बाहेर आले. कांगारूचं पिल्लू. त्या परवानाधारक सांभाळकर्त्या होत्या. गाडीखाली मादी गेली तरी पिशवीतलं पिल्लू बऱ्याचदा जिवंत राहतं, म्हणून इथली जाणती माणसं थांबतात, मेलेल्या मादीची पिशवी तपासतात, आणि तपासून झालं की अंगावर रंगाची फुली मारतात, म्हणजे मागून येणाऱ्याने पुन्हा थांबायला नको. सड तोंडात धरलेलं पिल्लू ओढून काढायचं नाही, त्याच्या जबड्याला इजा होते. गाईचं दूध पाजायचं नाही, त्याला पचत नाही. हे सगळं बाईंनी टॉवेलांच्या घड्या घालता घालता सांगितलं. मला हात लावून बघायचा होता. "नको," त्या म्हणाल्या. "माणसाचा वास त्याला आवडायला लागला तर पुढे तो कामातून गेला."

त्यानंतर कडेला पडलेल्या प्रत्येक कांगारूवर आमचे डोळे फुली शोधू लागले. एकदा नव्हती. नवऱ्याने काही न बोलता गाडी बाजूला घेतली, धोक्याचे दिवे लावले, उतरला. नर होता. परत येऊन बराच वेळ हात पुसत बसला.

ग्रेट ओशन रोडविषयी मी थोडक्यात आटोपते. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी 1919 ते 1932 या काळात कड्यात पहारी मारून तो बांधला, सुंदर आहे, आणि ट्वेल्व्ह अपॉसल्सचे सुळके पाहायला बसगाड्यांची रीघ असते. सुळके आठच उरलेत. एक 2005 मध्ये डोळ्यांदेखत कोसळला.

त्याच वाटेवर केप ऑटवेला कोआला. वर बेचकीत राखाडी गोळा दिसतो, आणि बराच वेळ तो गोळाच राहतो. दिवसाचे अठरा-वीस तास झोप. निलगिरीची पानं विषारी आणि वर निकस. ती पचवण्यातच सगळी ताकद जाते, मग जागून करणार काय? आम्ही मान दुखेपर्यंत उभे होतो. शेवटी एकाने हात लांब केला, पानांची एक डहाळी ओढली, हुंगली, नापसंत केली, दुसरी ओढली. इतका चोखंदळ. पण आजूबाजूला काही झाडांचे नुसते सांगाडे उभे होते. फरसाठी झालेल्या शिकारीमुळे व्हिक्टोरियात कोआला जवळजवळ नामशेष झाले होते, ते बेटांवर जगवलेल्यांपासून पुन्हा वाढवले गेले. ऑटवेला 1980 च्या दशकात आणून सोडले आणि ते इतके वाढले की त्यांनी मॅना गम या आवडत्या झाडाची पानं ओरबाडून संपवली. उपासमार झाली. 2013-14 मध्ये जवळपास सातशे कोआलांना सरकारी पशुवैद्यांनी इंजेक्शन देऊन मरण दिलं, आणि ही गोष्ट लोकांना 2015 मध्ये कळली. तिकडे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये मात्र 2022 पासून कोआला धोक्यात आलेली जात म्हणून जाहीर आहे. एकीकडे जास्त झाले म्हणून मारायचे, एकीकडे कमी झाले म्हणून रडायचं. समरलँडची गोष्ट ऐकून माझ्या मनात जो भाबडा उत्साह भरला होता, की माणसाने मागे सरावं आणि सगळं आपोआप ठीक व्हावं, तो त्या सांगाड्यांखाली बराचसा ओसरला. एकदा बिघडवलं की नुसतं मागे सरून भागत नाही, तिथेच उभं राहून राखावं लागतं.

राखणीचा सगळ्यात गमतीचा नमुना वॉर्नंबूलला आहे. तिथल्या मिडल आयलंडवर ओहोटीच्या वेळी कोल्हे चालत जात आणि पेंग्विन मारत. कोल्हा इथला नव्हेच, युरोपातून शिकारीच्या शौकासाठी आणलेला. शेकड्यांनी असलेले पेंग्विन 2005 मध्ये दहाच्याही खाली आले. तेव्हा एका कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या कल्पनेवरून इटालियन मरेमा जातीचे पांढरे कुत्रे बेटावर ठेवले. मेंढ्या राखणारे कुत्रे पेंग्विन राखू लागले आणि पेंग्विन वाढले. वॉर्नंबूललाच लोगन्स बीचच्या मचाणावर मला दूरवर व्हेलचा फवारा दिसला. नवऱ्याला नाही दिसला. "हंगाम संपलाय," तो म्हणाला. वहीत व्हेल नाही.

आणि टॉवर हिल. विझलेला ज्वालामुखी, आत तळं, तळ्यात टेकड्या. 1892 मध्ये याला राष्ट्रीय उद्यान केलं, पण झाडं तोडणं, गुरं चारणं, दगड काढणं काही थांबलं नाही, आणि शेवटी टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या. 1960 च्या दशकात पुन्हा झाडं लावायची ठरली, तर प्रश्न पडला, की इथे होती कुठली? उत्तर एका चित्रात मिळालं. 1855 मध्ये ओयगेन फॉन गेरार्ड या व्हिएन्नात जन्मलेल्या चित्रकाराने एका जमीनदाराच्या सांगण्यावरून टॉवर हिल रंगवलं होतं. माणूस इतका काटेकोर, की शंभराहून अधिक वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञांना चित्रातली झाडं ओळखता आली. मग त्याबरहुकूम हजारो रोपं लागली, शाळेची पोरंसुद्धा राबली. म्हणजे आम्ही ज्या रानातून चाललो होतो ते एका चित्राची नक्कल होतं. या भूमीचे मूळ लोक तर ज्वालामुखी जागा असल्यापासूनचे. राखेच्या थराखाली दगडी कुऱ्हाड सापडली आहे. त्यांना कुणी चित्र मागितलं नव्हतं, त्यांच्या हातून रान बिघडलंही नव्हतं.

तिथे पायवाटेवर एमू आडवा आला, मागे पट्टेरी पिल्लांची रांग. तो बापच असणार. मादी अंडी घालते आणि निघून जाते. नर दोन महिने जवळजवळ अन्नपाण्याशिवाय अंडी उबवतो आणि पुढे पोरं सांभाळतो. मी हे वाचून दाखवल्यावर आमच्याकडे थोडा वेळ शांतता होती.

पोर्ट फेअरीच्या ग्रिफिथ्स आयलंडवर शिअरवॉटर पक्षी दर सप्टेंबरअखेरीला परततात, बेरिंग समुद्राकडून, पंधरा हजार किलोमीटर उडून, बहुधा त्याच जोडीदाराकडे आणि त्याच बिळात. अंधार पडल्यावर आभाळातून अक्षरशः कोसळतात, कारण जमिनीवर उतरणं त्यांना जमत नाही. एक धप्पकन नवऱ्याच्या बुटाशी पडला, उठला, आणि काही झालंच नाही अशा थाटात झुडपात गेला. पायवाट सोडू नका असं बजावलेलं असतं, पाय पडला तर बीळ खचतं. आम्ही इंचभरही सोडली नाही.

परतताना आतल्या महामार्गाने आलो आणि विंचेल्सीच्या जरा पुढे डिझेल भरायला थांबलो. कुंपणाशी ससा होता. दोघांनी एकाच वेळी पाहिला, मागे घ्यायचीही गरज पडली नाही.

"धर," नवरा म्हणाला.

मी नाही म्हटलं. याच गावाजवळच्या बार्वन पार्कमध्ये 1859 च्या नाताळात थॉमस ऑस्टिनने शिकारीसाठी इंग्लंडहून दोन डझनांच्या आसपास ससे मागवले, आणि पन्नास वर्षांत त्यांनी खंड व्यापला. पिकं गेली, गवत गेलं, माती गेली. त्यांना अडवायला पश्चिम ऑस्ट्रेलियात हजारो किलोमीटर कुंपण घातलं, 1950 मध्ये रोगाचे विषाणू सोडले, तरी ते आहेतच. "हा इथला प्राणीच नव्हे."

"दीडशे वर्षं झाली की."

"म्हणून काय झालं?"

"मग कितव्या पिढीला इथला म्हणायचं? आपली नात कुठली?"

"नातीची आणि सशाची बरोबरी करतोस?"

"वही तिची आहे," तो म्हणाला. "तिलाच विचारू."

मी ससा लिहिला आणि पुढे शेरा मारला: वादग्रस्त.