नदीपलीकडचे शहर

मे महिन्यात बडोद्याहून आमचे आप्त आले, की पहिल्याच सायंकाळी सोप्यावर बसून एक वाक्य ठरलेले असते : "तुमची मजा आहे बुवा! समुद्र दाराशी आणि शहर तासाभरावर." पाहुण्यांचे म्हणणे आम्ही खोडून काढीत नाही. मांद्र्याहून म्हापसा जवळ, पणजी तीसेक किलोमीटर. आणि माडांपलीकडे समुद्राची गाज रात्रंदिवस चालू. परंतु पाण्याकाठी आणि शहरानजीक राहणे म्हणजे नेमके काय, हे कळण्यास आम्हांला पन्नाशी उलटावी लागली.

पेडणे हा गोव्याचा उत्तर टोकाचा तालुका. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा आणि पश्चिमेस समुद्र. आमच्या तरुणपणीही शहर जवळच होते. पण मध्ये शापोरा होती. चोपड्याच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहायची, पलीकडे शिवोलीस उतरायचे आणि म्हापशाची बस धरायची. शुक्रवारी म्हापशाचा बाजार. त्या दिवशी फेरीबोटीत माणसांहून पाट्याच अधिक. गोवा विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए. करीत असता निम्मा अभ्यास आम्ही त्या धक्क्यावर केला असेल. शहरास जायचे ते काम असेल तरच, आणि काम झाले की शेवटच्या फेरीच्या आत परतायचे, असा तो काळ होता.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा मात्र आमचा विचार नाही. एका पावसाळी रात्री वडिलांना धाप लागली. गाडी धक्क्यावर आणली, तर फेरीबोट पैलतीरी. कोलवाळच्या पुलाचा वळसा त्याहून लांब. तो अर्धा तास आम्ही वडिलांची पाठ चोळीत काढला. वडील त्या दुखण्यातून उठले. परंतु त्या अर्ध्या तासाने आम्हांला पुलाचे कायमचे कैवारी केले. या शतकाच्या आरंभी शिवोली-चोपडे पूल झाला, तेव्हा गावात पेढे वाटणाऱ्यांत आम्हीही होतो, आणि त्याचा पश्चात्ताप आजही नाही.

एवढेच ध्यानात आले नव्हते, की पुलावरून आपण जसे शहरात जातो तसे शहरही आपल्याकडे येते. आधी सुटीचे प्रवासी आले, मग जागा मोजणारे आले. मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली, आणि ज्या वाटेवर पूर्वी सायकलची घंटा ऐकू यायची तेथे आता भाड्याच्या मोटारींची रांग लागते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दहा वर्षांपूर्वी समुद्राकडील आमचे भाट आम्ही विकले. मुलीचे शिक्षण होते, घराचे छप्पर गळत होते, माडावर चढायला पाडेली मिळत नव्हता. कारणे सगळी खरी होती. आज त्या भाटात पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या आहेत आणि त्यांचे दिवे पहाटेपर्यंत जळतात. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर सागरी कासवे अंडी घालायला येतात. वनखाते ती घरटी जपते. वाळूतून वर आलेले पिल्लू उजेडाच्या रोखाने चालते, कारण अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडची बाजूच उजळ असते. दिवे जळत असले, की ते उलट जमिनीकडे वळते. वर्गात हा पाठ शिकवताना आमचा आवाज किंचित उतरतो, हे मुलांच्या लक्षात येत नसावे.

उरले ते आगरवाड्याच्या बाजूचे, शापोऱ्याच्या काठचे खाजन. खाजन म्हणजे खाडीपासून बांध घालून राखलेली जमीन. बांधात एक लाकडी दारांची मोरी असते, तिला आपल्याकडे मानस म्हणतात. ओहोटीस आतल्या पाण्याच्या रेट्याने दारे उघडतात. भरतीस खारे पाणी चढू लागले, की त्याच पाण्याच्या रेट्याने ती मिटतात. पावसाने मीठ धुऊन गेले की तेथे कोरगुट भात पिकते. ते थोडा खार सोसते.

थोरले बंधू मुंबईस असतात. भातशेती शेतकरी नसलेल्यास विकण्यास २०२३ च्या कायद्याने मनाई झाली, तेव्हा त्यांनी लिहिले, "विकता येत नसेल तर पडीक टाक. या वयात चिखलात कशाला उतरतोस?" शेजारच्या दोन घरांनी तेच केले. परिणाम असा, की गेल्या वर्षी खेकड्यांनी बांध पोखरला तेव्हा पाहणारे कोणी नव्हते. एका उधाणात खारे पाणी आत आले आणि आमचे उभे भात पिवळे पडले. भाट एकट्याने विकता येते. खाजन एकट्याने राखता येत नाही.

यंदा श्रावणात आम्ही वरच्या वर्गातील मुलांना घेऊन बांधावर गेलो. आमच्या हजेरीपटावर आता कन्नड, ओडिया, नेपाळी आडनावेही आहेत. पुलावरून त्यांचे आईबापही आले, कामासाठी. आणि मराठी ती मुले आमच्या वर्गात शिकतात. त्यांतल्या एकाचे वडील आमच्याच जुन्या भाटात राखणदार आहेत. तो मानसीपाशी वाकून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, ही दारे कोण उघडतो?"

"पाणीच उघडते, पाणीच मिटते," आम्ही म्हणालो.

"मग माणसाचे काम काय?"

आम्ही त्याला दाराच्या खाचेत साचलेला गाळ आणि कुजलेली फळी दाखवली. तो काही बोलला नाही. हाताने गाळ काढू लागला.

त्या रात्री बंधूंना उत्तर लिहिले : "सेवानिवृत्तीस तीन वर्षे आहेत. तोवर रविवार खाजनाचे, पुढे सगळेच दिवस. शेजारच्या दोन्ही घरांशी बोललो. एक जण तयार आहे. नव्या फळीच्या खर्चातला तुमचा वाटा पाठवावा."

बंधूंनी पैसे पाठवले. सोबत पत्र मात्र नव्हते.