दुकान उघडणार कोण?

परवा अभ्यासवर्गात क्यूबावरनं भांडण झालं. एक मित्र म्हणाला, तिथं बाजार शिरला, समाजवाद मेला. दुसरा म्हणाला, मरू दे, दुकानं उघडली की माणसं जगतील. मी गप्प. माझ्या डोक्यात तिसराच किडा. दुकान उघडणार कोण?

क्यूबातली गुलामगिरी गेली १८८६ साली. १९५९ ला क्रांती झाली, गोऱ्यांचे राखीव क्लब अन् समुद्रकिनारे सगळ्यांना खुले झाले. काळ्या मजुराची पोरं डॉक्टर झाली. हे खरंय, उगा नाकं मुरडू नका. पण वर्णाचा प्रश्न सुटला असं सरकारनं जाहीर केलं, अन् पुढं त्यावर बोलायचीच चोरी झाली. आपल्याकडं नाही का सांगत, आधी वर्गलढा, जात मग आपोआप जाईल!

१९९१ ला सोव्हिएत युनियन कोसळलं. तेल आटलं, भूक आली. १९९३ ला सरकारनं डॉलर बाळगायला मोकळीक दिली, छोट्या धंद्यांना परवाने दिले. आता डॉलर येणार कुठनं? मायामीतल्या नातेवाइकांकडनं. अन् क्रांतीनंतर देश सोडलेले बहुतेक गोरे. म्हणजे पैसा गोऱ्याच्याच दारात. धंदा काय, तर घरात खानावळ, नाहीतर पर्यटकाला खोली. त्याला चांगल्या वस्तीतलं ऐसपैस घर लागतं. काळी माणसं दाटीच्या चाळींत. कायद्यानं कुणालाच अडवलं नाही. अडवलं ते आज्याच्या घरानं अन् काकाच्या पैशानं. २०२१ च्या जुलैत लोक रस्त्यावर उतरले, त्याच साली शंभर माणसांपर्यंतच्या खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली.

पुढं काय? व्हिएतनामसारखं होईल, पक्ष तोच अन् बाजार मोकळा. नाहीतर रशियासारखं. तिथं १९९२ पासनं कारखान्यांच्या चिठ्ठ्या घरोघर वाटल्या, अन् कारखाने गेले मूठभरांच्या घशात. काळ्या वस्तीला आधी कर्ज, आधी जागा, ही तिसरी वाट. तिचं नाव कुणी फारसं घेत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ लाच सांगितलं होतं, मोठे उद्योग अन् शेती सरकारी मालकीची करा, अन् ते घटनेतच लिहा, म्हणजे उद्याचं बहुमत पुसणार नाही. क्यूबानं २००२ ला समाजवाद कायमचा म्हणून घटनेत घातला. २०१९ च्या घटनेत त्याच्याच शेजारी खाजगी मालमत्ता येऊन बसली. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

माझा बाप नगरपालिकेत कायम झाडूवाला होता. धाकटा भाऊ तोच रस्ता झाडतो, ठेकेदाराकडं, निम्म्या पगारावर. रात्री त्याला हे सगळं सांगितलं. त्यानं जेवता जेवता विचारलं, “दादा, तिथं पण ठेकेदार आला का?”