थंडी वाजते ती पाठीखालून!

गेल्या डिसेंबरातला वीकेण्ड. पाचनईहून हरिश्चंद्रगड, उंची १,४२४ मीटर. कोकणकड्यावरचा सूर्यास्त एकदम झक्कास! पण रात्री गुहेत माझी स्वस्तातली हवेची गादी बर्फासारखी गार. दोन स्वेटर घालूनही मी कुडकुडतोय आणि शेजारी मित्र साध्या फोम मॅटवर चक्क घोरतोय! तेव्हा कळलं, अंगातली ऊब खालचा दगड खेचून घेतो. गादीतली नुसती हवा आतल्या आत फिरते, ऊब अडवत नाही. म्हणून बॉस, गादी घेताना जाडी नको, ‘आर-व्हॅल्यू’ बघा. सह्याद्रीतल्या हिवाळ्याला २ ते ३ पुरे. बजेट टाइट आहे? मग गादीखाली फोम मॅट टाका. दोन्हींच्या आर-व्हॅल्यूची बेरीज होते. मी तेच केलं. पुढच्या ट्रेकला घोरलो मी!