हिरव्या पडद्यापुढचे मोकळे केस

अल्प खर्चाच्या डिजिटल चित्रपटातील दृश्यपरिणाम फसतात ते बहुधा राक्षस नीट न जमल्यामुळे किंवा स्फोट खोटा वाटल्यामुळे नव्हे, तर माणूस आणि त्याच्यामागे नंतर बसवलेले दृश्य यांच्यामधल्या कडेवर. आणि त्या कडेतही खांद्याचा किंवा कोपराचा त्रास फारसा नसून भुरभुरणाऱ्या केसांचा असतो. बटेच्या टोकाचा केस एका पिक्सेलहूनही बारीक असल्याने कॅमेऱ्यात तो थोडा केस आणि थोडा पडदा अशा मिश्रणाच्या रूपानेच उतरतो, आणि क्रोमा काढणे, म्हणजे ठरावीक रंगाचा पडदा चित्रातून वजा करणे, हे खरे तर त्या मिश्रणात केस किती व पडदा किती याचा प्रत्येक पिक्सेलगणिक अंदाज बांधणे होय.

स्वस्त कॅमेऱ्याने हा अंदाज बांधण्याचे साधनच आधी काढून घेतलेले असते. फाइल लहान राहावी म्हणून असे कॅमेरे उजेडाची नोंद पूर्ण बारकाव्याने ठेवतात, पण रंगाची नोंद ४:२:० या पद्धतीने, म्हणजे चार पिक्सेलांना मिळून एकदाच. त्यामुळे १९२० बाय १०८० च्या चौकटीत रंगाचे चित्र ९६० बाय ५४० एवढेच उरते. २००८ साली आलेल्या कॅननच्या ‘फाइव्ह-डी मार्क टू’ने लहान निर्मात्यांच्या हाती मोठ्या सेन्सरचे चित्र दिले व सर्वांनी तो कॅमेरा डोक्यावर घेतला, परंतु त्याचेही चित्रीकरण याच पद्धतीने साठवले जाई. प्रेक्षकाच्या डोळ्याला हा तोटा जाणवत नाही. सॉफ्टवेअरला नेमका तोच जाणवतो. केसांच्या कडेला पायऱ्या पडतात, आणि त्या झाकण्यासाठी मॅट, म्हणजे काय ठेवायचे व काय टाकायचे हे सांगणारा काळापांढरा साचा, किंचित आत सरकवला की नायिकेच्या डोक्यावर केसांऐवजी टोप बसतो.

पडदा हिरवा असण्याचे कारण सेन्सरमध्ये आहे: त्यावरील निम्मे बिंदू हिरवा रंग टिपतात, लाल व निळा यांच्या वाट्याला एकेक चतुर्थांश येतो, आणि म्हणून लहान कॅमेऱ्यांच्या निळ्यात दाणे फार दिसतात. फिल्मच्या काळात निळा पडदा सर्रास चाले. १९५९ च्या ‘बेन-हर’साठी पेट्रो व्लाहोस यांनी रंगांमधील फरकावरून मॅट काढण्याची जी पद्धत सिद्ध केली, जिच्यात केस, धूर आणि काच यांचा अर्धवट पारदर्शकपणा टिकून राहतो, तिचेच तत्त्व आजच्या घरगुती संगणकावरील क्रोमामागेही आहे. हॉलिवूडच्या या हिशेबात आपल्याकडचे कपाट मात्र धरलेले नव्हते. हिरवा चुडा आणि हिरवा शालू ल्यालेली नवरी हिरव्या पडद्यापुढे उभी करता येत नाही. पौराणिक कथेतला निळ्या अंगाचा कृष्ण निळ्या पडद्यापुढे चालत नाही. आणि दिग्दर्शकाने या कृष्णाशेजारी हिरव्या चोळीची गवळण उभी केली, तर रोटो करण्यावाचून, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर हाताने बाह्यरेषा आखण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दहा सेकंदांच्या शॉटमध्ये अशा २४० फ्रेम असतात.

त्यात पुन्हा स्पिलची, म्हणजे पडद्यावरून उलटून पात्रावर पडणाऱ्या हिरव्या उजेडाची भर. खोबरेल तेलाने चमकणारे काळे केस आणि त्यांत माळलेला पांढरा गजरा हे दोन्ही तो उजेड हावरेपणाने घेतात. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे हिरवा घटक लाल आणि निळ्याच्या सरासरीच्या वर जाऊ न देणे. त्याने हिरवा जातो खरा, पण केस राखट किंवा जांभळट दिसू लागतात. पात्र पडद्यापासून दहा-बारा फूट पुढे उभे करावे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि ज्या खोलीत चित्रीकरण चालते ती खोलीच बहुधा तेवढी लांब असते. म्हणून गच्चीवर, इमारतीच्या सावलीत, मोकळ्या आभाळाच्या सारख्या उजेडात ताणून बांधलेले साधे सुती हिरवे कापड हे भाड्याच्या दिव्यांपेक्षा पुष्कळ बरे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. साटीन मात्र कधीही घेऊ नये. ते चकाकते, आणि दुकानदार हमखास तेच पुढे करतो.

पूर्वसूरींनी या कडेशी झुंज घेतली नाही, ती टाळली. बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये वस्तू काळ्या धाग्याने हलवल्या आणि त्या धाग्याचेच नाव त्यांना चिकटले, तिथे कॅमेऱ्यापुढे जे होते तेच चित्रात होते. गॅरेथ एडवर्ड्स यांनी ‘मॉन्स्टर्स’चे (२०१०) सुमारे अडीचशे परिणाम घरी बसून केले, पण त्यांतले बरेचसे पाट्या, कुंपणे, रणगाडे असे टणक कडांचे होते, आणि प्राण्यांचे दर्शन बहुतांशी रात्रीच्या अंधारात होते. मालेगावच्या नासिर शेख यांची सुपरमॅनला उडवण्याची खटपट फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात दिसते, आणि तिथे कड फाटली तरी बिघडत नाही, कारण करणारा आणि पाहणारा दोघेही त्या फाटण्याला हसायला तयार असतात. हे स्वातंत्र्य हेवा करण्याजोगे आहे. जे निर्माते तेवढ्याच पैशात काम करतात, पण जाहिरातीत दर्जा हॉलिवूडचा सांगतात, त्यांना ते मिळत नाही. ‘नंतर बघू’ हा त्यांचा परवलीचा शब्द असतो, आणि हे ‘नंतर’ ज्याच्या टेबलावर येऊन पडते त्याचे नाव श्रेयनामावलीत चहावाल्याच्या आगेमागे येते. मागचे दृश्य स्वतःच दाखवणाऱ्या एलईडी भिंतीपुढे चित्रीकरण केले तर क्रोमाच काढावा लागत नाही, हे खरे. तिचे भाडे विचारणारा निर्माता या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे.

केस वाचवण्याची लेखकाची रीत अशी की शरीरासाठी एक घट्ट मॅट आणि केसांसाठी दुसरी अगदी सैल मॅट काढावी, दोन्ही जोडाव्यात, मागच्या दृश्याचा थोडा उजेड कडेवरून आत वाहू द्यावा, आणि एवढे करूनही गेलेल्या बटा एकेक करून हाताने रंगवाव्यात. हाताखाली शिकलेल्या एका तरुणीने हा सारा व्याप अलीकडे मोडीत काढला. स्वतः शिकून मॅट काढणाऱ्या नव्या साधनांनी चेहरा व खांदे ती चहा निवेपर्यंत सोडवते. केसांची कड तिथेही फ्रेमागणिक थरथरते, म्हणून चित्रीकरणापूर्वीच तिने दिग्दर्शकाला सुचवले की नायिकेचा अंबाडा घालावा. दिग्दर्शकाने ते तत्काळ मानले. प्रश्न सुटला, आणि तो सुटल्याचा आनंद होण्याऐवजी लेखकाला अपमान वाटला. कारण आपल्यावाचून केस सुटत नाहीत ही ख्याती हीच एवढ्या वर्षांची खरी मिळकत होती, आणि इतरांनी केलेली नायिकांची टोपासारखी डोकी पाहून मिळणारे सुख हे तिचे व्याज होते.

सुदैवाने सगळ्या कथा अंबाड्याला राजी होत नाहीत. भट्टनारायणाच्या ‘वेणीसंहार’ नाटकापासून द्रौपदीचे मोकळे केस ही प्रतिज्ञेची खूण झाली आहे, आणि सध्या हाती आलेल्या लघुपटातली द्रौपदी ते सोडूनच कुरुक्षेत्रावर उभी राहणार आहे. पटकथा वाचून त्या शिष्येने पहिला प्रश्न विचारला तो चित्रीकरणात पंखा लावणार का हा, आणि दिग्दर्शक तोंड उघडण्याआधीच लेखकाने ‘लावणार’ असे सांगून टाकले.