केंटचे हॉपमळे

लंडनच्या आग्नेयेस केंट परगणा पसरला आहे. इंग्लंडची फळबाग अशी त्याची जुनी ख्याती. तथापि २०१९ च्या सप्टेंबरात फॅव्हरशॅम ते कँटरबरी या टापूत हिंडताना आमची दृष्टी सफरचंदांपेक्षा उंच मांडवांवरच खिळून राहिली. खांबांवर ताणलेल्या तारा, त्यांवरून जमिनीपर्यंत सोडलेल्या दोऱ्या आणि त्या दोऱ्यांना विळखे घालीत चढलेल्या हिरव्यागार वेली. आपल्याकडील पानमळ्याचीच आठवण व्हावी! हे हॉपचे मळे.

सोळाव्या शतकात ही लागवड फ्लँडर्समधून इंग्लंडात आली. मादी वेलीस पापुद्र्यांची हिरवी बोंडे येतात. बोंड चुरडले की पिवळी, चिकट धूळ बोटांना लागते आणि उग्र पण मोहक दरवळ सुटतो. बिअरचा कडवटपणा, सुवास आणि टिकाऊपणा या धुळीत साठविलेला असतो. यंत्रे येण्यापूर्वी खुडणीसाठी पूर्व लंडनची कष्टकरी कुटुंबे मुलाबाळांसह येथे मुक्कामास येत. कित्येकांना वर्षातील तेवढीच मोकळी हवा लाभे. १८७० च्या दशकात इंग्लंडात सत्तर हजार एकरांच्या आसपास हॉप होते. आज त्याचा अल्पसा अंश उरला आहे. बोंडे वाळविण्याच्या शंकूसारख्या छपरांच्या जुन्या भट्ट्यांतून आता बहुधा बिऱ्हाडे नांदतात.

असे असूनही हॉपचा जिव्हाळा घरोघरी टिकला आहे, तो एका वेगळ्याच छंदामुळे. घरी बिअर करण्यास लागणारा परवाना ब्रिटनमध्ये १९६३ साली रद्द झाला. मोड आणून वाळविलेल्या सातूचा दाट अर्क डब्यातून मिळतो. एका डब्यात साखर, पाणी व यीस्ट मिसळून सुमारे तेवीस लिटर बिअर होते. अर्कात कडवटपणा असतो. सुवास मात्र बेताचाच. कारण सोपे आहे. कडूपणा उकळल्याने उतरतो, तर सुगंधी तेले उकळताना उडून जातात. बासुंदी उतरविल्यावरच वेलदोड्याची पूड घालणाऱ्या आपल्या गृहिणींना हे शास्त्र नव्याने शिकविण्याची गरज नाही.

आमचे यजमान निवृत्त शिक्षक. चार-पाच दिवसांनी आंबण्याचा जोर ओसरला, की ते उकळून घेतलेल्या मलमलीच्या पुरचुंडीत चाळीसेक ग्रॅम वाळले हॉप बांधून पिंपात सोडीत. जोर असताना घातले तर वर येणारा वायू सुवास घेऊन जातो. तीन-चार दिवसांनी पुरचुंडी काढून, आंबणे पुरते थांबल्याची खात्री झाली, की बाटल्या भरावयाच्या. हॉप मात्र ताजे, हवाबंद आणि थंड ठेवलेले हवेत. जुन्या हॉपला चीजसारखा वास मारतो.

पिंपात हॉप घालण्याची ही रीत आपल्या मुंबईसही अपरिचित नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनहून मुंबई-कलकत्त्यास निघणाऱ्या पिंपांत जास्तीचे हॉप घालीत. आफ्रिकेस वळसा घालून येणाऱ्या महिनोन्महिन्यांच्या प्रवासात बिअर नासू नये म्हणून.

आम्ही या पेयाचे भोक्ते नव्हे. परंतु अर्क कोठलाही असला, तरी हॉप शेजारच्या मळ्यातलेच घ्यावयाचे, हा यजमानांचा नेम आम्हांस मोलाचा वाटला. मळा राहावयाचा, तर त्याचे गिऱ्हाईकही गावात राहिले पाहिजे, असे ते म्हणत.