बिशपांची कवाडे
जर्मनीतील हिल्डेसहाइमचे बिशप बर्नवार्ड यांनी १०१५ साली काशाची दोन कवाडे करविली. उंची साडेचार मीटरांहून अधिक, आणि प्रत्येक कवाड एकसंध ओतलेले! डावीकडे आदामाची कथा वरून खाली उतरते, उजवीकडे ख्रिस्तचरित्र खालून वर चढते. एका चित्रात देव जाब विचारतो. आदाम हव्वेकडे बोट दाखवितो, हव्वा सर्पाकडे. आम्हांस तर हसू आवरत नाही. कवाडांवरील लेखात नाव आहे ते बिशपांचे. ते स्वतः धातुकाम जाणत, असे त्यांचा चरित्रकार सांगतो. म्हणून आम्ही त्यांस निव्वळ देणगीदार म्हणणार नाही. तथापि ओताऱ्याचे नाव तेथे नाही. आमच्या देवळांतही पायरीपायरीवर दात्यांची नावे आम्ही कोरवितो. मूर्ती घडविणाऱ्याचे नाव बहुधा पुजाऱ्यासही ठाऊक नसते.